प्रयोगाला पहिले, रांगेत शेवटचे

आजऱ्यात पूर्वी माणसांचं वय सनावर मोजत नसत. अमका प्लेगाच्या आधीचा, तमकी मानमोडीच्या साली पाळण्यात होती, असा सगळा हिशेब चाले. तुझं लग्न कधी झालं, असं आज्जीला विचारलं की ती सांगे, "मानमोडी होऊन चार सुग्या झाल्यावर." मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ. घनसाळ भाताच्या सुग्या आणि साथी, या दोन गोष्टींवर आमच्या घरातला सगळा इतिहास बेतलेला होता. सुगीच्या गोष्टी पुरुष सांगत. साथीच्या गोष्टी बायकांकडे असत, कारण आजाऱ्याच्या उशाशी त्याच बसलेल्या असत.

आज्जीच्या गोष्टींतल्या बऱ्याच तिच्या सासूकडून, म्हणजे माझ्या पणजीकडून आलेल्या. प्लेग पणजीनं पाहिलेला. मुंबईत १८९६ साली सुरू झालेली ती साथ पुढं कोल्हापूर संस्थानात पोचली. आजरा तेव्हा संस्थानातल्या इचलकरंजी जहागिरीत मोडे. साथ आली की गावं रिकामी करायची आणि लोकांना मोकळ्या माळावर झोपड्यांत हलवायचं, यावर शाहू महाराजांच्या दरबाराचा भर होता. पणजीच्या सांगण्यात दरबार नसे, हुकूम नसे. ती एवढंच सांगे, "उंदीर पडाय लागलं की कुणी सांगायची वाट बघायची न्हाई. भांडीकुंडी, गुरंढोरं घ्यायची आन् हिरण्यकेशी नदीच्या पल्याड माळावर जायचं. घराला कुलूप बी घालायचं न्हाई. चोर तरी कुठनं येणार? चोर बी आमच्या शेजारीच झोपडीत."

चोराचा उल्लेख उगाच येत नसे. त्याच्यामागं एक गोष्ट होती, आणि ती आज्जी दर वेळी नव्यानं सांगे. गाव उठलं त्या दिवशी कचेरीच्या कोठडीत एक माणूस होता. भात चोरल्याच्या आळावर धरलेला. गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. पहाऱ्याचा शिपाई आमच्याच आळीतला. कारकून गेला, वरचे लोक गेले, आणि कुलपाची किल्ली शिपायाच्या कमरेला राहिली. कोठडीच्या आढ्यात उंदीर मरून पडलेले. शिपायानं काय करावं? त्यानं कैद्याच्या कमरेला दोरी बांधली आणि त्याला बरोबर घेऊन तो माळावर आला. झोपड्यांत कालवा झाला. आमची पोरंबाळं इथं, आणि चोर कशाला आणलास, म्हणून माणसं अंगावर आली. तेव्हा पणजीची सासू पुढं होऊन म्हणाली, "किल्ली कुणाच्या कमरंला हाय? तुझ्याच न्हवं? मग त्येचा जीव बी तुझ्याच गळ्यात. आन् तू रोज त्येला भाकरी देऊन आमच्यात येनार, मग त्यो लांब कुठं ऱ्हायला?"

कैद्याला माळाच्या कडेला वेगळं खोपट मिळालं. साथ ओसरेपर्यंत तो जगला, शिपाईही जगला. ही गोष्ट कुठल्या दप्तरात नाही. बायकांनी एकमेकींना सांगत ती माझ्यापर्यंत आणली. मी तिच्याकडं पुरावा म्हणून बघत नाही. पण कैद्यांच्या आरोग्यावर नंतर जे काही वाचलं, त्यातलं मर्म पणजीच्या सासूच्या त्या बोलण्यात आधीच आलेलं होतं, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट मुंबईची. पणजोबांचे थोरले भाऊ गिरणीत होते. त्या काळी आमच्या भागातली माणसं आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याला जात आणि तिथून बोटीनं मुंबई गाठत. थोरले पणजोबा भायखळ्याच्या बाजूला एका खोलीत दहाबारा गाववाल्यांबरोबर राहत. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसांनी शहर सोडलं. थोरले पणजोबा आले त्याच वाटेनं परतले. येताना एक वावडी घेऊन आले. सरकारनं भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना विष टोचलं, आधी कैद्यांवर बघणार आणि मग आपल्यावर, अशी ती वावडी. आणि काही महिन्यांनी मुंबईहून आलेल्या दुसऱ्या एकानं बातमी आणली, की टोचलेले कैदी जगले.

वावडीतलं विष खोटं होतं. टोचणं मात्र खरं होतं.

वाल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ. तरुणपणी तिथं ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा स्वतःच्या माणसांच्या बचावाला तो उभा राहिला आणि त्यापायी त्यानं कोठडीही पाहिली. पुढं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यानं पटकीची लस तयार केली आणि १८९३मध्ये तो हिंदुस्थानात आला. प्लेग सुरू झाल्यावर त्याला मुंबईला बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली आणि बाहेरचा बोळ, एवढीच त्याची प्रयोगशाळा. मांसाच्या रश्श्यात तो प्लेगाचे जंतू वाढवी. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. मग ते उष्णतेनं मारले की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्यानं पहिली लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, आणि तो उठून कामाला लागला.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला हाफकिननं तिथल्या कैद्यांपैकी साधारण निम्म्यांना, जे तयार झाले त्यांना, लस टोचली. बाकीचे तसेच राहिले. जेवण एकच, बराकी त्याच, हवा तीच. टोचण्याआधीच ज्यांच्या अंगात रोग भिनला होता ते वगळले, तर पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतले ६ दगावले. टोचलेल्यांत दोघांना झाला आणि दोघेही वाचले. पुढच्या वर्षी उमरखाडीच्या तुरुंगातही अशीच पाहणी झाली. या आकड्यांच्या बळावर लस शहरात गेली. आगाखान यांनी स्वतः चारचौघांत लस टोचून घेतली आणि त्यांच्या मागोमाग खोजा समाजातली हजारो माणसं पुढं आली. १८९९मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हाफकिनची प्रयोगशाळा थाटली गेली. आज तिला आपण हाफकिन संस्था म्हणतो.

त्या संस्थेचा मराठी माणसाला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण तिच्या पायाशी भायखळ्याच्या कैद्यांचे दंड आहेत, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत मला कधी भेटलं नाही. त्या कैद्यांची नावं कुणी जपली नाहीत. ते स्वखुशीनं पुढं आले अशी नोंद आहे. पण आत साथ शिरलेली, दार बाहेरून लावलेलं आणि समोर सुई घेतलेला साहेब उभा, अशा वेळी माणसाच्या स्वखुशीला किती जागा उरते, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

हे फक्त मुंबईतच घडलं असंही नाही. १७२१ साली लंडनच्या न्यूगेट तुरुंगातल्या सहा कैद्यांना देवीचा जंतू टोचून पाहिला, कारण राजघराण्यातल्या मुलांना टोचायचं होतं आणि आधी कुणावर तरी बघायला हवं होतं. कैदी जगले म्हणून त्यांना सोडलं आणि मग राजकन्यांना टोचलं. १९०६ साली मनिलाच्या बिलिबिड तुरुंगात २४ कैद्यांना पटकीची लस दिली. तिच्यात चुकून प्लेगाचे जंतू गेले होते. १३ कैदी मेले. लशीच्या इतिहासात तुरुंग असा पुन्हा पुन्हा भेटतो.

म्हणून २०२१ साली जे झालं, ते मला साधी प्रशासनाची दिरंगाई वाटत नाही. लस सिद्ध नव्हती, तिच्यात धोका होता, तेव्हा कैदी सर्वांत पुढं उभे केले गेले. लस सिद्ध झाली, तिच्यात जीव वाचवायचं बळ आलं, तेव्हा त्याच कैद्यांना रांगेत नावच नव्हतं.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात करोनाची लस सुरू झाली. आधी दवाखान्यांतले लोक, मग फेब्रुवारीपासून आघाडीचे कर्मचारी. या दुसऱ्या यादीत पोलीस, गृहरक्षक, सफाई कामगार यांच्याबरोबर कारागृहातले कर्मचारीही होते, आणि ते योग्यच होतं. पण त्याच भिंतीआडचा बंदी कुठल्याच यादीत नव्हता. त्यानं बाहेरच्या जगासारखीच वयाची पायरी धरायची. १ मार्चला साठीच्या पुढचे आणि पंचेचाळीस ओलांडलेले व्याधिग्रस्त, १ एप्रिलला पंचेचाळिशीच्या पुढचे सगळे, १ मेपासून अठरा वर्षांवरचे. आपल्या बराकींमध्ये बहुतेक माणसं तरुण. म्हणजे दुसरी लाट ऐन भरात असताना त्यांची पाळी यायची होती.

माझ्या बहिणीचा मुलगा राज्यातल्या एका कारागृहात शिपाई आहे. पहिल्या लाटेत मुंबई, ठाणे, भायखळा, कल्याण आणि येरवडा इथली कारागृहं पूर्ण बंद केली गेली. कर्मचाऱ्यांची एक तुकडी आतच मुक्कामाला आणि दुसरी बाहेर, अशा पाळ्या लागल्या. नंतर इतरत्रही तसंच झालं. त्या काळात त्याची आई रोज देवाला दिवा लावून बसे. त्याला लस मिळाली त्या दिवशी घरात गोड केलं. फोनवर मात्र तो म्हणाला, "मावशी, मला टोचलं, बरं झालं. पण मी बराकीत जातो तेव्हा आतल्यांचं काय? ते तर कुठं जात नाहीत. जे काही आत जाणार, ते आमच्याच अंगावरनं जाणार." त्याच्या बराकीत झोपताना एकाची कूस बदलली की शेजाऱ्याला बदलावी लागते. तिथं दोन हाताचं अंतर कुठून आणायचं?

मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रातल्या कारागृहांत सुमारे २४ हजारांच्या जागेत ३६ हजारांच्या आसपास माणसं कोंडलेली होती. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता ८०४. मे २०२०मध्ये तिथं दीडशेहून अधिक बंदी आणि २६ कर्मचारी बाधित निघाले. सर्वोच्च न्यायालयानं २३ मार्च २०२० रोजीच राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमून गर्दी कमी करायला सांगितलं होतं. आपल्या राज्यात तात्पुरता जामीन आणि आकस्मिक अभिवचन रजा देऊन दहा हजारांच्या आसपास बंदी बाहेर काढले गेले. ते चांगलं पाऊल होतं. पण नवीन अटका थांबल्या नाहीत आणि बराकी पुन्हा भरत गेल्या.

एप्रिल २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. गिरीश कुलकर्णी यांच्यापुढं ही जनहित याचिका चालली. तिथं एक गोष्ट उजेडात आली, जी बाहेर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. बऱ्याच बंद्यांकडं आधार कार्ड नव्हतं, आणि ओळखपत्राशिवाय लशीचं कोविन पोर्टल नोंदणी करत नव्हतं. ज्या माणसाचं नाव, वय, गाव, बोटांचे ठसे सरकारनंच घेऊन ठेवलेत, त्याची ओळख पटत नाही म्हणून सरकारचीच लस त्याला मिळत नव्हती. कागद नाही म्हणून कुणाला लस नाकारता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. ६ मे २०२१ रोजी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं ओळखपत्र नसलेल्यांसाठी कार्यपद्धती जाहीर केली. भटके, साधू, मनोरुग्णालयांतले रुग्ण, वृद्धाश्रमातले लोक, रस्त्यावर भीक मागणारे आणि कारागृहातले बंदी, असे गट त्यात नावानिशी आले. तोवर दुसऱ्या लाटेनं माथा गाठला होता.

भायखळ्याच्या त्याच तुरुंगाच्या आवारात आज महिला कारागृह आहे. सप्टेंबर २०२१मध्ये तिथं पुन्हा साथ शिरली आणि चाळीसच्या आसपास जण बाधित निघाले. त्यांत आयांबरोबर आत राहणारी लहान मुलंही होती. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत आत ठेवता येतं. त्या मुलांसाठी तेव्हा लसच नव्हती. त्यांच्याभोवतीच्या मोठ्या माणसांना वेळेवर टोचणं, हेच त्या मुलांचं एकमेव कवच होतं.

"आम्ही रांगा लावतोय, लस संपून घरी जातोय, आणि खुन्या-बलात्काऱ्यांना आधी द्यायची?" हा सवाल मी आजऱ्याच्या लसीकरण केंद्राबाहेर ऐकलेला आहे. विचारणाऱ्या माणसाच्या घरातून त्याच आठवड्यात तिरडी उठलेली होती. त्याचा राग मी खोटा म्हणणार नाही. हा राग जगभर होता. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या आराखड्यात कैदी सर्वसामान्यांच्या आधीच्या टप्प्यात होते. लोक खवळले, आणि कैद्यांना आधी लस देण्याचा प्रश्नच येत नाही, असं गव्हर्नरनं जाहीर केलं. त्याच देशातल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं मात्र जानेवारी २०२१मध्येच तुरुंगातल्या सगळ्यांना, बंदी आणि कर्मचारी दोघांनाही, लस द्यायला सुरुवात केली. ओरेगॉनमध्ये फेब्रुवारीत न्यायालयाला तसा आदेश द्यावा लागला.

त्या माणसाला माझं उत्तर असं. पहिलं, आपल्या तुरुंगांतल्या दर चार माणसांपैकी तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे, आणि त्यांतले कितीतरी उद्या निर्दोष सुटणार आहेत. दुसरं, ज्याचा गुन्हा शाबीत झाला त्यालाही न्यायालयानं कैद सुनावली आहे, रोग सुनावलेला नाही. कैद्याचे मूलभूत हक्क तुरुंगाच्या दारात गळून पडत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली सुनील बत्रा खटल्यात सांगितलं. बाहेरच्या समाजाला मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा कैद्याला मिळाली पाहिजे, हे संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या नेल्सन मंडेला नियमांत लिहिलेलं आहे. तिसरं, आपण साथीत गर्दी टाळू शकतो, दार लावून घेऊ शकतो, डॉक्टर बदलू शकतो. बंद्याला यातलं काहीच करता येत नाही. ज्याच्या हातातून आपण सगळे उपाय काढून घेतले, त्याला उरलेला एक उपाय आधी देणं ही मेहरबानी होत नाही. किल्ली ज्याच्या कमरेला, जीव त्याच्या गळ्यात. पणजीच्या सासूला हे राज्यघटना यायच्या कितीतरी आधी कळलं होतं.

आणि चौथं कारण आपल्या स्वतःच्या जिवाचं. तुरुंगाची भिंत माणसाला अडवते, रोगाला अडवत नाही. शिपाई संध्याकाळी घरी जातो. कच्चा कैदी तारखेला कोर्टात जातो, जामिनावर गावी येतो. भाजीचा टेम्पो रोज आत जातो. अनेक वर्षं कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात कैद्यांनी वळलेले लाडू अंबाबाईचा प्रसाद म्हणून आपण भक्तिभावानं खाल्ले. त्या हातांचा प्रसाद आपल्याला चालतो, तर त्या हातांच्या दंडात वेळेवर लस पडावी, ही काळजी आपली का नसावी?

नुसती पहिली मात्रा देऊनही भागत नाही. मे २०२१मध्ये कोविशील्डच्या दोन मात्रांमधलं अंतर बारा ते सोळा आठवड्यांवर गेलं. एवढ्या काळात कच्चा कैदी सुटतो, दुसऱ्या कारागृहात हलतो, पोलीस कोठडीत जातो. त्याच्याबरोबर त्याच्या लशीची नोंद गेली नाही तर दुसरी मात्रा बुडते. आणि भायखळा, न्यूगेट, बिलिबिड यांची आठवण ठेवून आणखी एक गोष्ट सांभाळायला हवी. बंद्याला त्याच्या भाषेत लशीची माहिती द्यायची, त्याला प्रश्न विचारू द्यायचे, आणि त्यानं नको म्हटलं तर त्यापायी त्याची मुलाखत किंवा रजा अडवायची नाही. प्रयोगाच्या काळात ज्यांना नकार देता आला नाही, त्यांच्या वारसांना नकाराचा हक्क असलाच पाहिजे.

पुढची साथ येईल. आमच्या घरच्या सगळ्या गोष्टी मला हेच सांगतात, की ती येतेच, फक्त नाव बदलून येते. तिच्यासाठी राज्याचा आराखडा आज, शांततेच्या दिवसांत, लिहून ठेवायला हवा. कारागृहातला बंदी आणि कारागृहातला कर्मचारी यांची नावं प्राधान्याच्या एकाच ओळीत यावीत आणि दोघांना एकाच दिवशी लस मिळावी. ओळखपत्र म्हणून कारागृहाची नोंदवही पुरेशी धरावी. दुसऱ्या मात्रेची जबाबदारी बंदी जिथं जाईल तिथल्या यंत्रणेवर असावी. यासाठी फार पैसा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. एक शासन निर्णय लागतो, आणि तो मागणारी माणसं लागतात. तुमच्या आमदाराला, तुमच्या जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला हे आजच विचारा. साथ दारात आल्यावर विचारायचा हा प्रश्न नाही.